पिंजरा क्रमांक शून्य

जपूनकाकांनी डॉक्टरीणबाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाई शिंकल्या. पण त्या एका शिंकेची हकिकत संशोधन संस्थेत पुढं वर्षानुवर्षं सांगितली जायची, आणि दर वेळी तिच्यात दोन बादल्या पाण्याची भर पडायची. काहींच्या मते काकांनी ती शिंक हवेतच पकडली आणि बरणीत घालून झाकण लावलं. काहींच्या मते त्यांनी बाईंना दाराबाहेर लोटलं, आतून कुलूप घातलं आणि दाराला पाठ लावून, दोन्ही हात पसरून असे उभे राहिले की जणू बाहेर शत्रूचे हत्ती आले आहेत. दारावरचा शिपाई तर शपथेवर सांगायचा, की काकांनी बाईंना सात वेळा साबणानं, तीन वेळा जंतुनाशकानं आणि एकदा नुसत्या नजरेनं धुऊन काढलं. पिळून दोरीवर वाळत घालायचं तेवढं राहिलं.

खरं घडलं ते असं. बाई नुकत्याच रुजू झालेल्या. वय तिशीच्या अलीकडचं, हातात वही, आणि चालणं असं की प्रत्येक जिना त्यांना दोन पायऱ्या कमीच पडायचा. त्या उंदीरखान्याच्या दारापाशी आल्या, शिंकल्या, आणि काचेपलीकडून एक हात वर झाला.

"कुठं?" काकांनी विचारलं.

"आत."

"सर्दी आहे?"

"छे हो, धूळ गेली नाकात. एकदाच तर शिंकले."

"पहिली एकच असते, बाई. पुढच्या आपोआप येतात."

"अहो, आतले उंदीर माझ्याच प्रयोगाचे आहेत!"

"उंदीर तुमचे असतील. दार माझं आहे. चार दिवसांनी या."

बाई पाचव्या दिवशी आल्या. त्यांनी अंघोळ केली, आत घालायचे वेगळे कपडे घातले, टोपी, मुखपट्टी, हातमोजे सगळं चढवलं. काकांनी त्यांना चारी बाजूंनी निरखलं, दुसरं दार उघडलं आणि म्हणाले, "जपून."

काकांचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथंच राहिलं. जिन्यावर भेटले तर "जपून", कोणी चहा ओतत असेल तर "जपून", कोणी लग्न ठरल्याची बातमी आणली तरी "जपून". माणूस उंचीनं बेताचा, त्यातही भीतीनं थोडा आत ओढला गेलेला. त्यांना विजेची भीती, लिफ्टची भीती, कुत्र्याची भीती आणि कुत्रा दिसला नाही तर तो गेला कुठं याची भीती. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. काकांचं तोंड कधी पोळलंच नव्हतं, कारण ते पाणीही फुंकून पीत. रस्ता ओलांडताना ते आधी उजवीकडं बघत, मग डावीकडं, आणि मग वर. वरून काय येणार आहे, असं काकूंनी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "आलं तर?"

असा माणूस घरात असला की घरच्यांचा जीव मेटाकुटीला येतो. पण उंदीरखान्याला असाच माणूस लागतो. सत्तावीस वर्षं काकांनी ती खोली सांभाळली. तळमजल्यावरची, बिनखिडकीची खोली. तिला दोन दारं, आणि एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. दोन दारांच्या मधल्या खोलीत बाहेरचे कपडे मोज्यांसकट काढायचे, अंघोळ करायची, आतले कपडे घालायचे. आत रॅकवर शेचाळीस पारदर्शक पिंजरे, प्रत्येकाला नळीतून गाळलेली हवा, खाली अंथरायला मक्याच्या कणसाचा भुगा, आणि पाण्याच्या बाटलीत थेंबभर आम्ल, पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून. भिंतीवर नियमांची पाटी होती. तिच्यातला सहावा नियम काकांनी लाल शाईनं अधोरेखित केला होता: येथे काम करणाऱ्याने घरी उंदीर किंवा तत्सम प्राणी पाळू नये. नव्या माणसाला ते हा नियम मोठ्यानं वाचायला लावत. आवाज लहान वाटला तर पुन्हा वाचायला लावत.

इतक्या वर्षांत उंदरांच्या अंगात नेमकं काय चाललंय हे काकांना कोणी बसून सांगितलं नव्हतं. बाईंनी सांगितलं. मधल्या खोलीतल्या बाकावर, पायांत मोजे चढवता चढवता.

"काका, अंगात जंतू शिरला की पांढऱ्या पेशी काय करतात?"

"मारतात त्याला."

"मारण्याआधी बोंब मारतात. एकीची ऐकून दुसरी, दुसरीची ऐकून तिसरी. त्या ओरड्यानंच अंग तापतं, सुजतं, लाल होतं. त्याला दाह म्हणायचं. तो वाईट नाही बरं का, त्याच्याशिवाय जंतू मरायचा नाही. पण कोणीतरी 'बस झालं' म्हणायला हवं की नको?"

"हवं."

"ते काम एन्झाइमांचं. पेशीच्या आत हा निरोप हातोहात पुढं जातो. निरोप्यांच्या पाठीवर बारीक चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात, 'तातडीचे, तातडीचे' म्हणून. चिकटवणारी एन्झाइमं वेगळी. आपलं हे एन्झाइम त्या चिठ्ठ्या सोलून काढतं. चिठ्ठी निघाली की निरोप थांबला, ओरडा थांबला. तुमच्या घरी भांडण मिटवणारं कोणी आहे ना?"

"आमची ही आहे. पण सुरूही तीच करते."

"काही एन्झाइमं अगदी तशीच असतात, दोन्ही कामं करणारी," बाई हसून म्हणाल्या. "तर या उंदरांच्या पांढऱ्या पेशींत ते चिठ्ठ्या सोलणारं एन्झाइम नाही."

"मग जंतू आला की?"

"जंतू मरतो."

"मग बरंच आहे की."

"जंतू पहिल्या दिवशी मरतो. पण ओरडा थांबत नाही. तिसऱ्या दिवशी उंदीर मरतो."

काकांचा एक मोजा हातातच राहिला. ते म्हणाले, "म्हणजे चोर मेला, आणि चोर शोधायला म्हणून घरच्यांनीच घर पेटवलं."

बाईंनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. काकांच्या मात्र ते पोटात जाऊन बसलं. आतापर्यंत ते मोठ्या साथीला भीत होते. आता साधी सर्दीसुद्धा, जी कुठल्याही उंदरानं दोन शिंकांत झटकून टाकली असती, या शेचाळीस पिंजऱ्यांत वणव्यासारखी फिरेल हे त्यांना कळलं. काका अंघोळीला पाच मिनिटं लावत, ते पंधरा लावू लागले. नखं इतकी कापू लागले की त्यांना शर्टाची गुंडी काढता येईना.

"सोलून घ्या आता स्वतःला," काकू म्हणाल्या. "साल राहिलीये तेवढी."

काकू घरी शिवणकाम करत. त्यांच्या जिभेलाही सुईसारखंच टोक होतं, पण टाका मात्र नीट घालत.

तीन वर्षं अशी गेली. बाई जोड्या लावत, पिल्लं तपासत, पुन्हा जोड्या लावत. त्यांना हवं होतं असं पिल्लू, ज्याच्या एकाच प्रकारच्या पांढऱ्या पेशीत ते एन्झाइम नाही, बाकी सगळीकडं आहे. तसं मिळालं, तरच कळणार होतं की घर नेमकं कोण पेटवतं. पण एका पिल्लानं भागत नाही, ती एकाच वयाची घोळक्यानं लागतात. आणि एका बुधवारी सकाळी काकांनी रॅकपाशी वाकून पाहिलं, तर एकाच रात्रीत तीन आयांची मिळून एकोणीस पिल्लं झाली होती. गुलाबी, डोळे मिटलेली, शेंगदाण्याएवढी.

काकांनी त्या तीन पिंजऱ्यांवर लाल कार्डं लटकवली. कार्डावरचं अक्षर त्यांचंच: पाच दिवस हात लावू नये. हाही त्यांचाच नियम, आणि तो ते नव्या माणसांना सहाव्या नियमाइतक्याच मोठ्यानं सांगत. पिल्लं अंगावर असलेली उंदरीण भित्री असते. तिचा पिंजरा हलला, भुगा बदलला, ओळखीचा वास गेला, की तिला वाटतं जगबुडी आली. मग ती पिल्लं वाचवायला जात नाही. ती पिल्लं खाते.

"एकविसाव्या दिवशी पिल्लं आईपासून वेगळी केली की माझा प्रयोग सुरू," बाई म्हणाल्या. "माझी इथल्या नोकरीची मुदत संपायला सहा महिने आहेत. एवढी जगली ना काका, तर सगळं झालं."

"जगतील," काका म्हणाले. आणि आपण असं ठाम काही बोलून गेलो याचीच त्यांना दिवसभर धास्ती वाटत राहिली.

गुरुवारी सकाळी काका मधल्या खोलीत बाकावर बसून मोजे काढत होते. डाव्या मोज्याला काहीतरी चिकटलेलं होतं. लाकडाचा पातळ, गोल वळलेला काप. रंधा मारल्यावर पडतो तसा.

काकांनी तो उजेडात धरला. आत अंथरतात तो मक्याचा भुगा, हा लाकडाचा काप. शिवाय आतलं काही बाहेर येत नाही आणि हा मोजा कधी आत गेला नाही. म्हणजे हा घरचा. घरात लाकडाचा कीस कशाला? मग काकांनी तो नाकाशी नेला. सत्तावीस वर्षं तो वास त्यांच्या नाकात होता. झोपेतून उठवून हुंगायला दिला असता तरी त्यांनी सांगितलं असतं: उंदीर. नर. तरुण.

त्यांनी मोजा परत घातला, शिपायाला पोट बिघडल्याचं सांगितलं आणि घरी गेले. ते काही अगदी खोटं नव्हतं.

काकू शिलाईयंत्रावर होत्या. "अहो, इतक्यात? बरं नाही का?"

"कुठं आहे?"

"काय कुठं आहे?"

"अगं, मला नाक आहे."

काकूंनी चेहऱ्यावर काहीही न दाखवता यंत्राखालचं चपलांचं खोकं पायानं मागं सरकवलं. सरकवलेलं खोकं आतून खुडबुडलं.

काकांनी गुडघे टेकून झाकण उघडलं. लाकडाच्या किसात एक पांढरा उंदीर बसला होता. एक कान तपकिरी. त्यानं मिशा हलवल्या, काकांकडं पाहिलं आणि घाबरून कोपऱ्यात तोंड खुपसलं.

"वरच्या मजल्यावरचे घर सोडून गेले ना, त्यांच्या लेकीचा आहे," काकू म्हणाल्या. "जिन्यात सोडून चालले होते. म्हटलं, राहू दे. कीस खालच्या सुताराकडून आणते."

"उंदीर! माझ्या घरात उंदीर!"

"तुमच्या घरात उंदीरच आहेत, सत्तावीस वर्षं. जेवताना उंदीर, झोपताना उंदीर, सुट्टीच्या दिवशी उंदीर. म्हटलं, एक मलाही असू दे. निदान हा घरी तरी असतो. आमचे भाऊजी."

"काय म्हणालीस?"

"भाऊजी म्हणते मी त्याला. जरा खुट्ट झालं की कोपऱ्यात. तुमचा धाकटा भाऊ शोभतो की नाही सांगा."

"किती दिवस झाले?"

"आज बारा."

काका खाली बसले. मागं खुर्ची होती म्हणून ते खुर्चीवर बसले एवढंच. बारा दिवस. बारा दिवस ते या घरातून उठून त्या खोलीत जात होते. काल त्यांनी त्या तीन पिंजऱ्यांवर वाकून श्वास सोडला होता.

"अहो, तुम्ही तर साल निघेपर्यंत अंघोळ करून आत जाता," काकूंचा आवाज आता खाली आला होता. "कपडेही तिथलेच."

"नाकात राहिलं असेल तर? कानामागं? केसांत?"

"मग सांगा तुमच्या साहेबांना. चूक माझी आहे म्हणावं."

"सांगितल्यावर काय होतं ते मी पाहिलंय."

ते काकूंनीही पाहिलं होतं. अकरा वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्यानं घरी ससा आणि दोन उंदीर पाळल्याचं लपवलं होतं, आणि एका पिंजऱ्यात जंतू सापडला होता. एका पिंजऱ्यात. वरून हुकूम आला तो अख्ख्या खोलीतले उंदीर मारून टाकण्याचा. तेव्हा चारशे पिंजरे होते. ते एकेक करून रॅकवरून खाली आणायचं काम काकांकडं होतं. आणताना पिंजऱ्यात खुडबूड असायची, नेताना नसायची. दोन दिवस चाललं. त्यानंतरचे चार दिवस काका घरात एका खुर्चीवर बसून होते, आणि ताट समोर आलं की म्हणत, "ठेव. नंतर." जपून हा शब्द त्यांच्या तोंडी दर वाक्याला आला तो त्यानंतर.

काकूंनी खोक्याचं झाकण लावलं. "मग आधी याला काही झालंय का ते तरी बघा. तुमच्याकडं तपासतात ना उंदरांचं? याचंही तपासा. काही निघालं तर मी स्वतः येऊन सांगते साहेबांना. नाही निघालं तर प्रश्नच मिटला. उगाच आधीच काही करू नका. रोगापेक्षा इलाज भयंकर व्हायचा."

सल्ला शहाणपणाचा होता. उंदरांच्या लेंड्यांचे नमुने तपासायला शुक्रवारी दुपारी बाहेर जात आणि सोमवारी दुपारी अहवाल येई. शुक्रवारी काकांनी शेचाळीस पुड्यांत एक सत्तेचाळिसावी पुडी सरकवली. तिच्यावर काय लिहावं हे त्यांना सुचेना. शेवटी लिहिलं: पिंजरा क्रमांक शून्य.

आता सोमवारपर्यंत थांबायचं होतं. म्हणायला सोपं. पण आत तर जायला हवं, दाणापाणी तर द्यायला हवं, आणि दुसरा माणूस मागावा तर कारण सांगावं लागणार. शुक्रवारी काका तीनदा अंघोळ करून, दोन मुखपट्ट्या लावून, श्वास रोखून आत गेले. श्वास रोखून माणूस चाळीस पावलं चालू शकतो हे त्यांना त्या दिवशी कळलं. एकेचाळिसाव्या पावलाला ते दाराबाहेर येऊन धापा टाकत, आणि पुन्हा आत जात.

तेवढ्यात बाई आल्या. हातात मोठं कॅलेंडर, एकविसाव्या दिवसावर हिरवं वर्तुळ.

"काका, हे इथं लावू का? रोज तुम्हीच एकेक दिवस खोडा."

सांगावं, असं काकांच्या ओठांवर आलं. त्यांनी तोंडही उघडलं.

"काय झालं, काका? चेहरा का असा?"

"जपून," काका म्हणाले. "खिळा जपून ठोका."

शनिवारी दुपारी इमारत रिकामी होती. काका रॅकपुढं उभे होते. हवेच्या नळ्यांची घरघर सोडली तर आवाज नव्हता. मधल्या पिंजऱ्यातली आई पिल्लांवर अंग टाकून पडली होती. तिची पाठ जरा कुबडल्यासारखी दिसली. की रोजच तशी असते? मानेवरचे केस विस्कटलेले वाटले. की आत्ताच अंग चाटलंय? काका पिंजऱ्याच्या काचेसारख्या भिंतीला नाक लावून बघत राहिले. पाच मिनिटं. दहा मिनिटं.

ती शिंकली.

इतकी बारीक शिंक, की ती ऐकायला सत्तावीस वर्षांचा कान लागतो. भुग्याची धूळ नाकात गेली असेल. उंदीर शिंकतात. हे काकांना माहीत होतं, पण त्या क्षणी त्यांना माहीत असलेलं सगळं कुठल्या कुठं गेलं. त्यांना दिसत होते फक्त खाली येणारे पिंजरे. एक, दोन, चारशे. आणि कॅलेंडरवरचं हिरवं वर्तुळ. पहिला दिवस, तिसरा दिवस. आज शनिवार. सोमवारपर्यंत काय उरणार?

मग काकांचे हात आपोआप कामाला लागले. जंतुनाशकाचा डबा. एकाच्या जागी चार झाकणं. फरशी पुसली, रॅक पुसला, नळ्या पुसल्या. डोळे चुरचुरायला लागले, घशात आग झाली, पण वास जितका उग्र तितका त्यांना धीर येत होता. नवे पिंजरे काढले. नवा भुगा. आयांना शेपटीला धरून उचललं आणि नव्या पिंजऱ्यात ठेवलं. जंतुनाशकात बुडवलेल्या हातमोज्यांनी पिल्लं उचलली. एकेक. एकोणीस. ती तळहातावर उबदार लागत होती आणि तोंडं उघडत होती. जुना भुगा, जुनी घरटी, सगळं पिशवीत बांधून बाहेर टाकलं. शेवटी लाल कार्डं नव्या पिंजऱ्यांवर पुन्हा लटकवली. लटकवताना त्यावरचं स्वतःचं अक्षर त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. ते त्यांनी वाचलं नाही.

घरी आल्यावर काकू म्हणाल्या, "अंगाला कसला वास येतोय हा? भाऊजी बघा, खोक्यात कसा थरथरतोय."

काका खोक्यापाशी गेले. भाऊजी कोपऱ्यात दडून बसला होता, आणि त्याच्या तपकिरी कानाची कड कापत होती. काकांनी हात पुढं केला. त्यानं त्या हाताचा वास घेतला आणि किंचाळला.

काका तसेच उकिडवे बसून राहिले. जे आठवायला हवं होतं ते त्यांना आत्ता आठवलं.

"आज कितवा दिवस?" त्यांनी विचारलं.

"कशाचा?"

"पिल्लांना. बुधवारी झाली. बुध, गुरू, शुक्र..." त्यांनी बोटं मोजली. चौथं बोट उचललंच नाही.

रविवारी सकाळी काकांनी अंघोळ केली. एकदाच. आतलं दार उघडलं. वास अजून होता. रॅक चकचकत होता. आणि खोली अशी शांत होती की त्यांना पुढं पाऊल टाकवेना. पिल्लांची आई हलली की पिल्लं चिवचिवतात, टाचणी टोचल्यासारखी. तो आवाज नव्हता.

तीन पिंजऱ्यांत तीन आया बसल्या होत्या. टुकटुकीत. एक दाणा कुरतडत होती. एक पाणी पीत होती. मधली, जी शिंकली होती ती, दोन्ही पुढच्या पायांनी मिशा पुसत होती.

भुग्यात काही नव्हतं. एका कोपऱ्यात दोन, आणि तीही पूर्ण नव्हती.

काकांनी बाईंना फोन केला. बाई अर्ध्या तासात आल्या. आत आल्या, वास घेतला, पिंजरे पाहिले, आणि मग मधल्या खोलीत येऊन बाकावर बसल्या. त्याच बाकावर, जिथं त्यांनी चिठ्ठ्यांची गोष्ट सांगितली होती. काकांनी उभं राहूनच सगळं सांगितलं. मोजा, खोकं, बारा दिवस, शून्य क्रमांकाची पुडी. काही लपवलं नाही.

"पिंजरे का बदललेत, काका?" बाईंनी विचारलं.

"जंतूसाठी."

"जंतू होता?"

"माहीत नाही."

"आई आजारी होती?"

"एकदा शिंकली."

"उद्या अहवाल येणार होता ना?"

"हो."

"मग?"

काकांनी भिंतीकडं पाहिलं. तिथं त्यांचीच नियमांची पाटी होती. "भीती वाटली," ते म्हणाले.

बाई ओरडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी टोपी काढली, हातमोजे काढले, आणि बराच वेळ ते हातमोजे एकात एक घालत बसल्या. मग उठल्या आणि साहेबांना फोन करायला बाहेर गेल्या. जाताना दार हळू लोटलं. सवयीनं काकांच्या ओठांवर तो शब्द आला. त्यांनी तो गिळला.

सोमवारी दुपारी अहवाल आला. काकूही आल्या होत्या. ठरल्याप्रमाणे साहेबांना चूक माझी म्हणून सांगायला, चांगलं लुगडं नेसून, आणि भाऊजीचं खोकं मांडीवर घेऊन दाराबाहेर बसल्या होत्या. बाईंनी कागद वरून खाली वाचला. सतरा जंतूंची नावं, आणि प्रत्येकापुढं सत्तेचाळीस रकाने.

पिंजरा क्रमांक एक ते शेचाळीस: काही आढळलं नाही. पिंजरा क्रमांक शून्य: काही आढळलं नाही.

काकांची बदली काचेची भांडी धुण्याच्या खोलीत झाली. बाईंची मुदत तेवढी पिल्लं पुन्हा एकाच वेळी होण्याआधी संपली आणि त्या दुसरीकडं रुजू झाल्या. भाऊजी आणखी दीड वर्ष जगला. म्हातारपणानं मेला.